आंजर्ले, आडे, हर्णै: तिथी बघून आखलेला सायकलचा एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याहून आठ जण येणार, त्यांत दोघं साठी ओलांडलेले आणि एक तेरा वर्षांची मुलगी. फेब्रुवारीत एक दिवस दापोलीच्या किनाऱ्यावर गाइडबरोबर सायकल चालवायची, जमलं तर डॉल्फिन, कासवाची पिल्लं आणि पक्षी बघायचे. किती किलोमीटर ठेवावेत, कुठून कुठे जावं, गाइड काय बघून निवडावा, आणि हे सगळं खरंच दिसतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं नियोजन त्याच्यावरच अवलंबून आहे. पक्षी दिसतातच, तेही भरपूर. खेकडे आणि निवट्या (चिखलावर चालणारे छोटे मासे) ओहोटीला पोहोचलात तर नक्की. डॉल्फिन समुद्र शांत असेल आणि तुम्ही एका जागी निवांत बसलात तर बऱ्यापैकी शक्यता. कासवाची पिल्लं मात्र त्या आठवड्यात एखादं घरटं फुटायला आलं असेल तरच. या चार गोष्टींपैकी एकही सायकलच्या वेगाशी किंवा अंतराशी जोडलेली नाही. त्या जोडलेल्या आहेत भरती-ओहोटीशी, वाऱ्याशी आणि उन्हाशी. म्हणून आमच्याकडे कोणी 'साठ किलोमीटरचा रूट द्या' असं म्हणून आलं, की मी आधी तारीख विचारतो.

तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा शनिवार-रविवार बघाल तसा तिथीचा रकानाही बघा. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. पंचमीला पावणेचार. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी, म्हणजे चतुर्थीला सकाळी सव्वानऊला आणि पंचमीला दहाला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा छापील किंवा मोबाइलवरचा भरतीचा तक्ता पडताळून घ्याच. पण तीन महिने आधी तारीख निवडायला ही पाऊणपट पुरते. तुमच्यासाठी मी चतुर्थी ते षष्ठी यातला दिवस सुचवेन. सकाळी नऊ ते अकरा खाडी उघडी पडलेली मिळते आणि दुपारी भरतीच्या वेळी हर्णैला पोहोचता येतं. दोन्हींचा फायदा पुढे सांगतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार आत जातही नाही आणि फार बाहेर येतही नाही, त्यामुळे ते दोन-तीन दिवस शक्यतो टाळा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पण तेव्हा पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते, सकाळचा वेळ वाया जातो.

दुसरा हिशोब वाऱ्याचा. हिवाळ्यात रात्री आणि सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तोही मंद. साडेदहा-अकरानंतर खारा वारा सुरू होतो आणि आमच्या किनाऱ्यावर तो साधारण वायव्येकडून येतो. याचा अर्थ सायकलवाल्यासाठी इतकाच: सकाळी उत्तरेला जा, ऊन चढल्यावर दक्षिणेला परत या. उलट केलंत तर दुपारच्या उन्हात समोरचा वारा आणि चढ दोन्ही एकदम अंगावर येतात. समुद्रही सकाळीच शांत असतो; खारा वारा सुरू झाला की पाण्यावर पांढरे फेस उठतात आणि त्यात डॉल्फिनची पाठ शोधणं म्हणजे डोळ्यांना त्रास.

या दोन हिशोबांवरून मुक्काम आंजर्ल्याला करा असं सांगेन. बहुतेक लोक मुरुड-कर्द्याला उतरतात आणि तिथून निघतात. मग हर्णै गाठेपर्यंत ऊन वर येतं आणि सकाळचा सगळ्यात मोलाचा तास गाड्यांच्या रस्त्यावर जातो. आंजर्ल्याहून सकाळी उत्तरेला आडे आणि परत हे पंधरा-सतरा किलोमीटर, संध्याकाळी दक्षिणेला हर्णै बंदर आणि परत हे बारा-चौदा, शिवाय कड्यावरच्या गणपतीचा चढ. सगळं मिळून ३० ते ३५ किलोमीटर. पुण्यात सिंहगड रस्त्यावर रोज याहून जास्त चालवणारी मंडळी नाक मुरडतात. त्यांना सांगा की इथे सपाट रस्ता असा फार नाही. किनारा, मग चढून जांभ्याच्या सड्यावर म्हणजे खडकाळ पठारावर, मग उतरून पुन्हा किनारा, असा तो प्रकार आहे. आणि दर वीस मिनिटांनी थांबायचं आहे.

सुरुवात सायकलविना. पावणेसातला आंजर्ल्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पायी जा. ऑलिव्ह रिडले कासवं कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कोल्हे-कुत्री उकरतात, पूर्वी माणसंही नेत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने जवळच्या वेळासमध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षण सुरू केलं, ते हळूहळू आंजर्ल्यासह इतर गावांत पोहोचलं. आता वनविभागाच्या मदतीने गावोगावचे कासवमित्र रात्री-पहाटे पुळणीवर फिरतात, अंडी जाळीच्या कुंपणातल्या सुरक्षित खड्ड्यात हलवतात आणि प्रत्येक खड्ड्यावर तारखेची पाटी लावतात. फुटायची वेळ आली की वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. खाली पिल्लं असली तर ती समुद्राकडे सोडायची, नसली तर टोपली परत ठेवायची. संध्याकाळीही तसंच.

अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. आता तुम्हीच मागे मोजा: फेब्रुवारीच्या मध्याला पिल्लू दिसायचं तर ते घरटं डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा त्याआधी झालेलं हवं. म्हणून फेब्रुवारीत हमी नाही, मार्चमध्ये शक्यता जास्त, पण मार्चमध्ये उकाडा वाढतो आणि कुरव (हिवाळ्यात येणारे समुद्रपक्षी) परतीला लागतात. मला विचाराल तर फेब्रुवारीचा शेवटचा पंधरवडा. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी तुमच्या गाइडने कासवमित्रांना फोन करून 'कुठलं घरटं आलंय' हे विचारलेलं असलं पाहिजे. विचारलं नसेल तर तो गाइड नुसता सायकलवाला आहे.

पिल्लू हातात घ्यायला मागू नका. ते तळहाताच्या निम्म्याएवढंही नसतं, आणि वाळूवरून पाण्यापर्यंत त्याने स्वतःच चालत जायचं असतं. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद. पाण्याची लाट आली की पिल्लू चार पावलं मागे फेकलं जातं, पुन्हा तोंड वळवतं, पुन्हा निघतं. तुमच्याबरोबरच्या मुलीला एक गोष्ट आधी सांगून ठेवा, म्हणजे बघण्यात रस येईल: जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेला ट्रान्समीटर लावला, तिचं नाव 'प्रथमा'; आंजर्ल्याच्या मादीचं नाव 'सावनी'. तोवर पश्चिम किनाऱ्यावरची ही कासवं अंडी घालून जातात कुठे, हे असं पाठलाग करून कोणी पाहिलं नव्हतं. पुढे २०२५ च्या जानेवारीत तर गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या परावर ओडिशात २०२१ मध्ये लावलेला बिल्ला सापडला. म्हणजे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा.

टोपलीखाली काही नसेल तरी अर्धा तास पुळणीवर घालवा. ओहोटीने मोकळ्या केलेल्या ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या बिळापासून चहूकडे रेषांनी पसरलेली. छोटे खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाण्याजोगं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. न हलता बसलात तर दोन-तीन मिनिटांत बिळातून डोळ्यांच्या काड्या वर येतात. पाय आपटलात की सगळी पुळण एकदम रिकामी.

पोह्यांवर किंवा घावण्यांवर ताव मारून आठला सायकली काढा आणि थेट कड्यावरच्या गणपतीचा चढ. चढ खडा आहे, साठीच्या मंडळींनी खुशाल सायकल हातात धरून चालावं, त्यात कमीपणा नाही. वर मंदिर, उजव्या सोंडेची मूर्ती, आणि देव समुद्रकाठचं मूळ ठिकाण सोडून डोंगरावर आला तेव्हाचं त्याचं पाऊल म्हणून दाखवतात ते खडकावरचं चिन्ह. दर्शन घ्या, मग समुद्र दिसेल अशी सावलीची जागा बघून अर्धा तास बसा. दक्षिणेला सुवर्णदुर्ग दिसतो.

डॉल्फिनसाठी मी ही जागा होडीपेक्षा वरची मानतो. आपल्याकडे किनाऱ्याजवळ दिसतो तो हंपबॅक डॉल्फिन, कोकणातले मच्छीमार त्याला गादा म्हणतात. तो उथळ पाण्यातला, खाडीच्या मुखाशी मासे असतात म्हणून तिथे घुटमळणारा. टीव्हीवर दिसतात तशा उड्या तो क्वचितच मारतो. आधी लांब चोच पाण्याबाहेर डोकावते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर वळत वळत जातो, आणि मग मिनिटभर काही नाही. नवखा माणूस एवढ्यात दुर्बीण खाली ठेवतो. ठेवू नका. तिथून थोडं डावी-उजवीकडे, पाण्याचा तोच पट्टा बघत राहा. कळप असेल तर तीन-चार पाठी एकामागून एक येतात. कुरव आणि सुरय पाण्यावर एका जागी गोळा होऊन सूर मारताना दिसले तर आधी तिथे बघा, खाली मासळीचा थवा असतो.

मुरुड-कर्द्याहून डॉल्फिनच्या होड्या सुटतात. जायचं असेल तर जा, पण इंजिन बंद करून लांब थांबणारा तांडेल (होडी चालवणारा) बघा. चार होड्यांनी मिळून एका कळपाला घेरणं हा तमाशा मला बघवत नाही. कासव आणि डॉल्फिन दोघंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, एवढं होडीवाल्याला आठवण करून द्यायला हरकत नाही.

गणपतीवरून उतरताना जपून. घाटावरचे लोक चढाला घाबरतात, अपघात मात्र उतारावर होतात. वळणावर जांभ्याची बारीक खडी आणि वाऱ्याने आलेली वाळू पडलेली असते, पुढचा ब्रेक एकदम दाबला की सायकल सरळ घसरते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, आणि वळणाच्या आधी, वळणात नाही. समोरून एसटी आली तर उतरून कडेला उभं राहा.

पुढे पाडल्यावरून आड्यापर्यंतचा रस्ता या दिवसातला सगळ्यात सुंदर. बऱ्याच ठिकाणी समुद्र अगदी शेजारी. या टापूत सुरूच्या किंवा जुन्या आंब्याच्या शेंड्यावर नजर ठेवा: पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड. उडताना पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उचललेले, शेपूट आखूड आणि पाचरीच्या आकाराची. विटकरी अंगाची पांढऱ्या डोक्याची ती ब्राह्मणी घार, तिला पाहून कोणी गरुड गरुड ओरडेल, मनावर घेऊ नका. समुद्र गरुडाचं घरटं काटक्यांचा मोठा ढीग असतं आणि जोडी वर्षानुवर्षं तेच वापरते. खाली माशांचे काटे आणि समुद्रसापांचे अवशेष पडलेले मिळतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथले माड, पोफळी, सुरू, आंबे रांगेने आडवे झाले, तेव्हापासून उंच झाडांची किंमत आम्हाला जास्त कळते. घरटं दिसलं तर रस्त्यावरूनच बघा. झाडाखाली नेऊन फोटो काढू देणारा गाइड पुढच्या वेळी घेऊ नका.

वडा-उंबराला फळं लागलेली असतील तर धनेशाचा कर्कश आवाज येतो. काजऱ्याची फळं आपल्याला विषारी, तो गर आनंदाने खातो. दिसला तर उत्तम, त्याच्यासाठी थांबून राहू नका, कारण आड्याच्या खाडीवर ओहोटी वाट बघत नाही.

साडेनऊ-दहाला खाडीवर पोहोचलात की सायकली झाडाला लावा आणि काठावर उकिडवे बसा. चिखल आधी नुसता चिखल दिसतो. मग त्यातला एक तुकडा सरकतो, ती निवटी. मासा असून पाण्याबाहेर कल्ल्यांजवळच्या परांवर रेटत चालते, कातडी ओली ठेवायला मधूनच डबक्यात लोळते, डोळे डोक्याच्या वर. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताडकन उभा करतात. शेजारी एकच मोठी नांगी असलेले खेकडे ती नांगी वरखाली हलवत असतात; नराचीच नांगी अशी, मादीच्या दोन्ही लहान. तिवरांच्या फांदीवर साधा खंड्या असतोच, त्यातच काळ्या टोपीचा, नारिंगी पोटाचा खंड्या दिसला तर नशीब. गडद राखाडी अंगाचा किनारी बगळा उथळ पाण्यात पंख पसरून धावतो. किनाऱ्याच्या ओल्या वाळूवर चिखल्या आणि तुतवार यांची ओळख पटवण्यात पहिल्याच दिवशी डोकं घालू नका, भल्याभल्यांची भंबेरी उडते. कोरल ओळखा, त्याची लांब खाली वळलेली चोच चुकत नाही.

अकरापर्यंत परतीला लागा. वारा पाठीशी असतो. जेवण आंजर्ल्यात, पण घरगुती खानावळीत माणसं किती आणि मासे की शाकाहारी हे आदल्या दिवशी सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलात तर डाळभातावर भागवावं लागेल. नंतर साडेतीनपर्यंत झोपा. या वेळात पक्षीही सावली धरून असतात.

दुपारी खाडीवरच्या पुलावरून पाजपंढरीमार्गे हर्णै. सकाळी ओल्या वाळूवर विखुरलेले किनाऱ्यावरचे पक्षी भरतीने जागा कमी झाली की कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने बसतात, म्हणून भरती दुपारची हवी असं म्हटलं. कुरवांचे थवे इथे हिवाळाभर असतात. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवरून येतात. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे एक गडद ठिपका तेवढा. फेब्रुवारीअखेर काहींचं डोकं रंगू लागतं. काळ्या डोक्याच्या कुरवापासून वेगळं काढायचं तर डोळा बघा, याचा फिका, त्याचा काळा. आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके याला ठळक.

मग बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव. मासळीच्या पाट्या, बोली लावणाऱ्या बायका, वर घारी आणि कुरव, खाली मांजरं. सायकली बाहेरच लावा. लोकांचा धंदा चालू असतो, वाटेत उभं राहून फोटो काढलात तर मावशी चार शब्द सुनावतील, आणि ते बरोबरच असेल. सूर्यास्ताआधी परत निघा, पुढे-मागे दिवे लावून.

गाइडबद्दल. आठ जणांना दोन माणसं हवीत: एक पुढे, एक सगळ्यात मागे, आणि मागच्याकडे पंप, ट्यूब, प्रथमोपचार. त्याला फोनवर तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी ओहोटी किती वाजता? कासवांचं घरटं कुठलं आलंय? डॉल्फिन दिसले नाहीत तर काय? पहिल्या दोन प्रश्नांवर तो लगेच बोलला आणि तिसऱ्यावर 'नाही दिसले तर नाही दिसले' म्हणाला, तर पैसे भरा. 'शंभर टक्के दाखवतो' म्हणणाऱ्याला नमस्कार. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलावणाराही नको.

सामानात फार शिरत नाही. गिअरची सायकल, रुंद टायर. रेसर सायकल इथल्या खड्ड्यांना उपयोगाची नाही. हेल्मेट सगळ्यांना. माणशी तीन लिटर पाणी, मीठ घातलेलं कोकम सरबत. दोघांत मिळून एक तरी ८ गुणिले ४२ ची दुर्बीण, आणि मुलीला तिची स्वतःची द्या. मागून घ्यावी लागली की मुलं कंटाळतात.

पुळणीवर सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. चालवायचीच असेल तर ओहोटीच्या वेळी, पाण्याजवळच्या घट्ट ओल्या वाळूवर, पक्ष्यांचा थवा बसला असेल तिथे उतरून वळसा घालून. वरची कोरडी वाळू कासवांची आहे, तिच्यावर चाक नको. न सापडलेलं घरटं तुमच्या टायरखाली असू शकतं. परत आल्यावर त्याच संध्याकाळी साखळी आणि गिअर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तेल द्या. एक रात्र खारं पाणी राहिलं तर सकाळी साखळी तांबडी झालेली असते. जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं कासव, किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तर पाण्यात ढकलायला जाऊ नका. लोकांना लांब ठेवा, कासवमित्रांना बोलवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा; हा क्रमांक निघण्याआधी आठही जणांच्या फोनमध्ये घालून ठेवा.